क्यूबिट कसा सांभाळावा : उधन्यातल्या नवशिक्यांसाठी

ही मार्गदर्शिका कोणासाठी आहे ते आधीच सांगतो, म्हणजे बाकीच्यांचा वेळ वाचेल. तुम्ही सुरतेच्या उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा यांपैकी कुठेतरी राहता. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि खात्यावर हिंदी बोलता. तुमच्या आधीची पिढी भुसावळ-सुरत पॅसेंजरने नंदुरबार नाहीतर अमळनेरहून आली, लूमच्या खात्यात लागली आणि परत गेली ती फक्त लग्नांना. तुम्ही इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहात. उन्हाळ्यात दोन महिने एका प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून राहून आलात आणि परवा कळण्याची भाकरी मोडता मोडता जाहीर केलंत की यापुढे आयुष्यभर तुम्ही सुपरकंडक्टिंग क्यूबिटमधली ऊर्जेची गळती कमी करणार. आजी म्हणाली, "हाई काय शे?" तुम्हाला सांगता आलं नाही. वडील काही बोलले नाहीत, पण ते एरवीही बोलत नाहीत.

मी तुमचा मामा. घरी मी तुम्हाला अरे-तुरेच करतो, पण मार्गदर्शिकेत 'तुम्ही' लिहायची पद्धत आहे. सत्तावीस वर्षं मी लूमच्या खात्यांमध्ये वायरमन होतो. गळती या विषयावर माझ्याहून जास्त तास कोणी घालवले असतील तर ते नळदुरुस्तीवाल्यांनी. तुम्ही टेबलावर सोडून गेलेले पेपर मी डिक्शनरी घेऊन वाचून काढले. आजीला सांगता येईल इतपत जे कळलं ते खाली देतो.

वायरवर संशय घेऊ नका

वायरमनचा पहिला संशय वायरवर असतो. मोटर तापली, दिवे मंदावले, बिल वाढलं, की आम्ही जॉइंट शोधत निघतो. ढिला जॉइंट गरम होतो आणि तेवढी वीज उष्णता होऊन हवेत जाते. सगळ्या चोरीचं मूळ रोधात, हे मला शिकवलं गेलं आणि मीही पुढच्यांना शिकवलं.

ही सवय सोडा. १९११ साली नेदरलँड्समधल्या लायडेनला हाइके कामरलिंग ओनेस यांनी पारा ४.२ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड केला, तेव्हा त्याचा रोध नाहीसा झाला. कमी नव्हे, नाहीसा. अशा धातूच्या कड्यात एकदा करंट सोडला की तो वर्षानुवर्षं फिरत राहतो. मागे मोटर नको, जनरेटर नको. इथपर्यंत वाचून मी पेपर मिटला. गळतीच नाही, तर वायरमनला बोलावलं कशाला?

दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला. क्यूबिट म्हणजे मुळात एक झोका. धातूच्या दोन पट्ट्या समोरासमोर, आणि त्यांना जोडणारा एक अगदी बारीक सांधा. ऊर्जा इकडून तिकडे हेलकावे खाते, सेकंदाला साधारण पाचशे कोटी वेळा. सांधा मात्र साधा नाही. अॅल्युमिनियमचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये त्याच्याच ऑक्साइडचा पापुद्रा, एक-दोन नॅनोमीटर जाड. याला जोसेफसन जंक्शन म्हणतात. साध्या झोक्याच्या सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असतात, त्यामुळे धक्का दिला की तो कितव्या पायरीवर जाईल याचा भरवसा नसतो. जंक्शनमुळे पायऱ्या कमीजास्त उंचीच्या होतात आणि नेमकी पहिलीच गाठता येते. झोका खाली असेल तर शून्य, पहिल्या पायरीवर असेल तर एक. दोन्हीकडे थोडाथोडा असेल तर काय, तो भाग तुम्ही आजीला समजावा. मी प्रयत्न केला आणि तिने मला औषध घेतलंस का असं विचारलं.

आता हिशेब. खालून पहिल्या पायरीवर जायला ऊर्जेची एकच पुडी लागते. एकच. वीज कंपनीची शंभरातली पाच युनिटं वाटेत गेली तर ती स्वतःची पाठ थोपटून घेते. इथे पुडीत मालच एक नग आहे. तो निसटला की 'एक'चं शून्य झालं, आणि त्या क्यूबिटवर चाललेलं गणित तिथेच बुडालं.

नग किती वेळ टिकतो हे मोजायची रीत सोपी आहे. क्यूबिटला 'एक'वर ठेवायचं, थोडं थांबायचं, मग बघायचं. हे हजारो वेळा, थांबण्याचा वेळ बदलत बदलत. शंभरातले साधारण सदतीस जागेवर सापडतात त्या वेळेला टी-वन म्हणतात. १९९९ साली जपानच्या एनईसी कंपनीत नाकामुरा, पाश्किन आणि त्साई यांनी असा पहिला क्यूबिट झुलवून दाखवला, तेव्हा त्याचं क्वांटमपण जेमतेम एक-दोन नॅनोसेकंद टिकलं. आज एक गणिती क्रिया करायलाच वीस ते पन्नास नॅनोसेकंद लागतात. म्हणजे त्या काळी दुकान उघडायच्या आत बंद होत होतं. आता चांगल्या क्यूबिटचा टी-वन शंभर मायक्रोसेकंद असणं ही नवलाई राहिली नाही. तुमच्या डोळ्याचं पातं एकदा लवतं तेवढ्यात तो हजारो वेळा मरतो, तरी पन्नास नॅनोसेकंदांच्या दोनेक हजार क्रिया उरकून मरतो.

साहित्य

सोनं आणू नका. सुरतेच्या माणसाला हे वाचताना त्रास होईल याची कल्पना आहे. या गावाने चांदीच्या तारेवर सोनं चढवून जर बनवली, त्या जरीला पुढे भौगोलिक मानांकन मिळालं. पण सोनं, चांदी, तांबं, ही विजेची तिन्ही लाडकी लेकरं कितीही थंड केली तरी सुपरकंडक्टर होत नाहीत. आणि ज्याच्या पातेल्याला आपण 'जर्मनचं भांडं' म्हणून पाहुण्यांपासून लपवतो, ते अॅल्युमिनियम १.२ केल्विनच्या खाली गेलं की रोध सोडून देतं. निओबियम तर ९.२ केल्विनलाच. टँटलमचा नंबर यांच्या मधला, ४.४ केल्विन, त्याच्याबद्दल पुढे बरंच बोलायचं आहे.

धातूखाली पाया लागतो: अतिशुद्ध सिलिकॉन किंवा नीलम. नीलम बोटात घालायचा नाही, प्रयोगशाळेत वाढवलेला, रंगहीन, आरशासारखा घासलेला. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात त्याची चौकशी केलीत तर लोक आदराने बसवतील, चहा देतील, आणि तुम्ही गेल्यावर बराच वेळ हसतील.

मग फ्रिज. डबल डोअर चालत नाही. पाचशे कोटी हेलकाव्यांच्या एका पुडीतली ऊर्जा ०.२४ केल्विनच्या उष्णतेएवढी भरते. आजूबाजूला तेवढीच ऊब असेल तर ती ऊबच क्यूबिटच्या हातात फुकटच्या पुड्या ठेवत राहील आणि कुठली आपली, कुठली परकी ते कळणार नाही. म्हणून १० ते २० मिलिकेल्विन. अंतराळाची पोकळी २.७ केल्विनला असते. तिच्याहूनही शेकडो पट थंड. सुरतेतल्या मे महिन्याशी तुलना करायची तर आकडा तीस हजार पटींवर जातो, आणि वाचल्यावर आणखी उकडतं. हे काम डायल्यूशन रेफ्रिजरेटर करतो, हेलियम-३ आणि हेलियम-४ यांच्या मिश्रणावर. कोपऱ्यावरच्या फुगेवाल्याकडे हेलियम-३ मिळत नाही. त्याच्याकडे असलाच तर हेलियम-४ असतो, आणि पुष्कळदा तोही नसून हायड्रोजन असतो, तेव्हा विडी विझवून जा.

फोटोत हा फ्रिज सोन्याच्या झुंबरासारखा दिसतो. तांब्याच्या तबकड्यांवर सोन्याचा मुलामा असतो. तांबं गंजू नये आणि थंडी एका तुकड्यातून दुसऱ्यात नीट जावी म्हणून. म्हणजे सोन्याला काम मिळालं, पण वरच्या मजल्यावर, शोभेचं आणि हमालीचं. मखरात बसलंय जर्मनचं भांडं.

धुणं

आता मूळ मुद्दा. तारेत गळती नाही, मग ती आहे कुठे?

ती तारेच्या अंगावर आहे. सुपरकंडक्टरमध्ये करंट धातूच्या पोटातून जात नाही, कातडीतून जातो, काही डझन नॅनोमीटर खोलीपर्यंत. जरीचं सोनं जसं वरच असतं तसं. आणि दोन पट्ट्यांमधलं विजेचं क्षेत्र सगळ्यात जास्त दाटतं ते त्यांच्या कडांना. नेमकं तिथे काय असतं? हवा लागून धातूवर चढलेला ऑक्साइड, नक्षी काढताना वापरलेल्या लेपाचे उरलेले डाग, पाण्याचा पातळ थर, कुठला कुठला कार्बन. सगळं मिळून काही नॅनोमीटर. क्षेत्राच्या एकूण ऊर्जेतला हजारातला एखादा भाग, कधी त्याहूनही कमी, या मळात असतो. पण पुडीत एकच नग आहे, हे विसरू नका.

मळ चोरी कसा करतो तेही समजून घ्या. नीलमासारख्या स्फटिकात अणू शिस्तीत, कवायतीला उभे असल्यासारखे. ऑक्साइडच्या थरात ते कसेबसे कोंबलेले, काचेत असतात तसे. त्यात काही अणूंना दोन जागा जवळजवळ सारख्याच सोयीच्या असतात आणि ते या जागेवरून त्या जागेवर डुगडुगतात. आपल्या ओट्यावर एक पाय आखूड असलेली खाट आहे ना, कोणी कूस बदलली की टक्, परत बदलली की टक्? तीच. अशा लाखो खाटा. त्यातल्या एखादीच्या डुगडुगीचा ताल क्यूबिटच्या झोक्याशी जुळला की क्यूबिटची पुडी ती गिळते आणि उष्णता करून टाकते. पेपरात त्यांना टू-लेव्हल सिस्टिम म्हणतात. जॉन मार्टिनिस आणि सहकाऱ्यांनी २००५ साली या चोराकडे बोट दाखवलं: बाबांनो, नुसतं जंक्शनमध्ये काय शोधताय, तुमच्या इन्सुलेशनमध्येही बघा. हेच मार्टिनिस १९८४-८५ च्या सुमारास बर्कलीला जॉन क्लार्क आणि मिशेल देवोरे यांच्याबरोबर होते, जेव्हा हातात धरता येईल एवढ्या सर्किटमध्ये क्वांटमच्या पायऱ्या पहिल्यांदा स्पष्ट मोजल्या गेल्या. त्या कामाला २०२५ चं नोबेल मिळालं. सत्तावीस वर्षं मी इन्सुलेशनला टेप लावून मोकळा झालो, याचा मला आता थोडा पश्चात्ताप होतो.

म्हणजे काम काय उरलं? धुणं. तुम्ही क्वांटम क्वांटम म्हणून जे घरात सांगता त्यात माझ्या अंदाजाने बारा आणे धुणं आहे. ऑक्सिजनच्या प्लाझ्माने डाग जाळायचे. सिलिकॉनवरचा ऑक्साइड हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवून काढायचा, आणि मग घाई करायची, कारण हवेत ठेवलं की तो परत उगवतो, श्रावणातल्या शेवाळासारखा. लवकरात लवकर निर्वातात न्यायचं. मध्ये चहाला थांबायचं नाही.

आणि आता टँटलम. प्रिन्स्टन विद्यापीठात अँड्र्यू हॉक, नॅथली द लिऑन आणि रॉबर्ट कावा यांच्या गटांनी २०२१ मध्ये नीलमावर टँटलमच्या पट्ट्या करून क्यूबिट बनवला आणि टी-वन एकदम ०.३ मिलिसेकंदांवर नेला. २०२५ मध्ये तिथल्याच लोकांनी टँटलम अतिशुद्ध सिलिकॉनवर बसवलं आणि मिलिसेकंदाची वेस ओलांडली. टँटलममध्ये असं काय आहे? एक म्हणजे त्याचा ऑक्साइड निओबियमच्या मानाने सरळमार्गी; निओबियमवर एकात एक तीन प्रकारचे ऑक्साइड चढतात. पण मला पटलं ते दुसरं कारण. टँटलम धुता येतं. अॅल्युमिनियम जोरदार आम्लात घातलं तर डागाबरोबर अॅल्युमिनियमही जातं. टँटलमला तुम्ही गंधकाम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या त्या उकळत्या मिश्रणात, ज्याला मांस खाणाऱ्या माशाच्या नावावरून पिरान्हा म्हणतात, खुशाल बुडवा. सगळी घाण खाल्ली जाते, टँटलम जसंच्या तसं. जंक्शन तेवढं शेवटी अॅल्युमिनियमचंच करायचं. पण ते इवलंसं असतं, काही शे नॅनोमीटरचं.

इथे तुम्हाला घरातलाच कोणी आठवायला हवा होता. तुमचे वडील, म्हणजे माझे दाजी, वराछाच्या हिऱ्याच्या कारखान्यात बॉइलिंग खात्यात आहेत. सरणावर तेल आणि हिऱ्याची भुकटी लावून घासलेला हिरा त्यांच्याकडे येतो तो काळपट, तेलकट. ते बीकरमध्ये आम्ल घेतात, हिरे घालतात, धूर ओढणाऱ्या पंख्याखाली उकळतात, निवेपर्यंत थांबतात, पाण्याने धुतात, आयग्लास लावून पाहतात आणि मान हलवून पुन्हा उकळतात. हिऱ्याला आम्लाचं काही होत नाही, म्हणूनच हे चालतं. कॉलेजच्या फॉर्मवर तुम्ही वडिलांच्या व्यवसायापुढे 'खासगी नोकरी' लिहिता, ते मी पाहिलंय.

(आम्लाचं काहीही घरी करू नका. ही ओळ मार्गदर्शिकेत असावी लागते, आणि यावेळी ती खरी आहे.)

या गावाला धुण्याचं वेगळं सांगायला नको, असंही एक वाटतं. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या बातमीने अर्धं सुरत रेल्वे स्टेशनवर होतं. आम्ही महिनाभर गावी शेंगा फोडत बसलो होतो. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले आणि शहराला अक्षरशः झाडायला लावलं. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या बरोबरीने पहिलं आलं. रस्त्याच्या कचऱ्यापासून नॅनोमीटरपर्यंत अंतर आहे हे मान्य, पण दिशा तीच.

धुऊन भागत नसेल तर पसरा. पट्ट्या मोठ्या करा, त्यांच्यातली फट रुंद करा, म्हणजे क्षेत्र मळात कमी आणि स्वच्छ जागेत जास्त राहतं. २०११ मध्ये येलच्या लोकांनी क्यूबिट थेट धातूच्या पोकळ डबीत टांगला. क्षेत्र मळापासून लांब, निर्वातात आणि स्वच्छ स्फटिकात पसरलं, आणि तिथे खाटा फारशा नसतात. टी-वन दहा पटींहून वाढला. पण फार पसरलात तर पट्ट्यांचा अँटेना होतो आणि ऊर्जा आकाशवाणीसारखी बाहेर जाते. चाळीत राहिलेल्याला हे कळेल: दार लावलं तर उकडतं, उघडलं तर सगळ्यांना सगळं ऐकू जातं.

बंदोबस्त

इतकं जपलेल्या क्यूबिटशी बोलावंही लागतं, नाहीतर तो नुसता थंड दगड. बोलायचं तर वरून वायर खाली सोडावी लागते, आणि त्या वायरीतून तीनशे केल्विनची ऊब, आपल्या खोलीचा सगळा गोंगाट, खाली उतरतो. यावर उपाय वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. वायरीत मुद्दाम गळती घालायची! मजल्यामजल्यावर अॅटेन्युएटर बसवतात, आणि वरून पाठवलेल्या संदेशाचा साधारण दहा लाखांतला एक भाग खाली पोहोचतो. गोंगाटही त्याच प्रमाणात कापला जातो. आयुष्यभर जी गळती मी शिडी लावून शोधली ती इथे लोक पैसे देऊन बसवतात. क्यूबिटमध्ये पै जपा आणि वायरीत रुपये उधळा, असा हा कारभार आहे.

क्यूबिटचं उत्तर वाचायला जी खिडकी ठेवतो तिच्यातूनही पुडीतला नग निसटतो. तिला मच्छरदाणी लावतात, पर्सेल फिल्टर: वाचायच्या तालाच्या लहरी जाऊ देतो, क्यूबिटच्या तालाच्या अडवतो.

चुंबकापासून जपा. थंड होताना आजूबाजूला चुंबकीय क्षेत्र असेल, पृथ्वीचं इवलंसं का होईना, तर धातूत त्याचे भोवरे अडकून बसतात आणि करंट गेला की डोलत ऊर्जा खातात. म्हणून म्यू-मेटलचा डबा. उधन्यातल्या लूमच्या मोटरींच्या शेजारी जागा बघत असाल तर डब्यात डबा. उजेडही नको. सुपरकंडक्टरमध्ये करंट वाहतात त्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या, आणि इन्फ्रारेडचा एखादा चुकार किरणही त्या फोडायला पुरतो. फुटलेले एकटे इलेक्ट्रॉन जंक्शनपाशी भटकत नको ते करतात. म्हणून आतून काळा लेप दिलेलं, उजेडाला फट न ठेवणारं झाकण.

एवढं करून आकाशातून येणारे किरण उरतातच. एक जोराचा कण चिपमध्ये घुसला की एकाच वेळी बऱ्याच क्यूबिटांच्या जोड्या फुटतात. इटलीत ग्रान सासो डोंगराच्या पोटातल्या प्रयोगशाळेत असली सर्किटं नेऊन पाहिली, तर खडकाखाली त्रास कमी झाला. म्हणजे तळघर. आता २००६ च्या ऑगस्टात तापी कुठपर्यंत आली होती ते घरमालकाला विचारा, आणि मग तळघराचं बघू.

शिकायला कुठे जाल

लांब नाही. पहाटेची फ्लाइंग राणी पकडा, मुंबई सेंट्रलला उतरा, कुलाब्याच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथे आर. विजय यांची प्रयोगशाळा अशी सर्किटं स्वतः बनवते. विजय यांची पीएच.डी. येलला, देवोरे यांच्याकडे. म्हणजे गुरूला नोबेल मिळालंय, आणि आपल्याकडे त्या घराण्याची गादी कुलाब्यात आहे. एकाच सर्किटात तीन क्यूबिट मावणारा 'ट्रायमॉन' तिथलाच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथले लोक आणि पुण्याची डीआरडीओची क्वांटम तंत्रज्ञानाची तरुण शास्त्रज्ञ प्रयोगशाळा यांनी मिळून सहा क्यूबिटांच्या प्रोसेसरची सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाचणी पूर्ण केली. क्यूबिट कुलाब्यात आखले आणि घडवले, ते हाकायची आणि वाचायची यंत्रणा पुण्याने जुळवली, दुरून वापरायची सोय टीसीएसने केली. बंगळुरूच्या क्यूपीएआयने २०२५ मध्ये पंचवीस क्यूबिटांचं यंत्र जाहीर केलं. देशाच्या क्वांटम मिशनला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, ६,००३.६५ कोटींची. तेव्हा आत्या विचारते तसं "यात पैसा आहे का" याचं उत्तर आहे असं द्या. कोणाकडे आहे ते सांगू नका.

नवशिक्यांच्या चुका

सगळ्यात मोठी चूक मोजण्यातली. नवा मुलगा सर्किट थंड करतो, जोरदार सिग्नल सोडतो, गळती जवळपास नाहीच असं पाहून मित्रांना जिलेबी खिलवतो. मग सिग्नल कमी करत एका पुडीवर आणतो आणि गळती परत हजर. खाटांची गंमतच ही आहे. जोरात ढकललं की सगळ्या खाटा एकदम हलून थकतात, आणखी काही गिळायची ताकद त्यांच्यात उरत नाही. हळू बोललात की त्या ताज्यातवान्या. चाळीत कोणी भांडत असेल तर कोणाचं लक्ष नसतं, नवरा-बायको कुजबुजले की पलीकडची भिंत कान लावते. गळती नेहमी कुजबुजीच्या आवाजात मोजा.

दुसरी चूक एकदा मोजून आकडा वहीत लिहिण्याची. रात्री नव्वद मायक्रोसेकंद असलेला टी-वन सकाळी चाळीस होतो. कोणी काही केलेलं नसतं. कुठली तरी खाट आपला ताल बदलत बदलत क्यूबिटच्या तालावर आलेली असते. दिवसभर थांबा, कदाचित ती पुढे जाईल. नाही गेली तर सगळं गरम करून परत थंड करा, खाटा नव्याने मांडल्या जातात. चांगल्या का वाईट, ते थंड झाल्यावर कळतं. यात दोन-तीन दिवस जातात. गावाकडचं एक लग्न त्यात आरामात बसतं.

तिसरी चूक तुम्ही स्वतः केलीत. परवा रात्री सगळे झोपल्यावर तुम्ही ओट्यावर मोबाइल घेऊन बसला होतात, मायक्रोस्कोपखालचा फोटो मोठा करून: राखाडी पट्ट्या, मध्ये फट. दोन महिने घालून बनवलेली तुमची पहिली चिप, आणि तिचा टी-वन पाच मायक्रोसेकंदांवर का अडकला ते कळत नव्हतं. दाजी रात्रपाळीहून आले, चप्पल काढली, तुमच्या खांद्यावरून बघितलं. खिशातला आयग्लास काढून डोळ्याला लावला, मोबाइलवर त्याचा उपयोग नाही हे लक्षात आल्यावर परत ठेवला. मग पट्टीच्या कडेला, फटीच्या अगदी तोंडाशी, एका फिकट ठिपक्यावर नख ठेवलं.

"हे धुतलं कोणी?"

तुम्ही म्हणालात, "मीच."

दाजींनी मान हलवली आणि हातपाय धुवायला मोरीत गेले.